मागच्या सीटवरून गाडी बघताना

कुठल्याही कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं ब्रोशर उघडून बघा, पहिल्या चार-पाच पानांवर जे असतं ते एकतर पुढे बसणाऱ्यांसाठी असतं नाहीतर रस्त्यावरून बघणाऱ्यांसाठी. मोठा टचस्क्रीन, डिजिटल क्लस्टर, वायरलेस चार्जर, या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटणारी एलईडीची पट्टी, ड्युअल टोन अलॉय. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला काय आलंय ते शोधायचं तर थेट शेवटच्या पानावरच्या तक्त्यात जावं लागतं, तिथे बारीक अक्षरात रिअर एसी व्हेंट, रिअर वायपर, ॲडजस्टेबल रिअर हेडरेस्ट अशा ओळी असतात आणि त्यांच्यापुढे पहिल्या दोन-तीन, म्हणजे स्वस्तातल्या व्हेरियंटच्या, रकान्यांत नुसत्या आडव्या रेघा, म्हणजे ते मिळत नाही.

सध्या मी हे तक्ते खूप वाचतेय कारण घरात गाडीचा विषय सुरू आहे. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या बाजूला. जुनी हॅचबॅक आता थकलीये, आई आमच्याकडे राहायला आलीये, तिचे दोन्ही गुडघे दुखतात, लेक सहावीत आहे आणि ऐरोलीला ऑफिस असल्यामुळे गाडी रोज मीच चालवते. त्यामुळे पुढच्या सीटवर काय हवंय ते मला माहीत होतं. पण आमच्या गाडीत मागची सीट म्हणजे आई आणि लेक, आणि त्या दोघींना काय हवंय हे एकाही शोरूममध्ये आपणहून कुणी विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घरातली गाडी घ्यायची असेल तर व्हेरियंट, म्हणजे त्याच गाडीचा कमी-जास्त सोयींचा प्रकार, मागच्या सीटवर बसून ठरवायला पाहिजे, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय.

मागचा माणूस शेवटी का येतो याचं मूळ मला वाटतं या गाड्यांच्या मापातच आहे. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरची एक्साइज ड्युटी २४ टक्क्यांवरून १६ वर आणली आणि छोटी गाडी म्हणजे काय तर लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तेव्हापासून आपल्याकडे गाड्या ४ मीटरच्या मापात बसवायला लागले. २०१३ ला फोर्डची इकोस्पोर्ट आली ती ३,९९९ मिलिमीटरची, मग २०१६ ला मारुतीची ब्रेझा, २०१७ ला टाटांची नेक्सॉन, दोन्ही ४ मीटरच्या जेमतेम आत. मग व्हेन्यू, एक्सयूव्ही ३००, सॉनेट, आता कायलॅक, सगळ्यांचं माप तेच. जीएसटी आला तरी ती रेघ तशीच राहिली, २२ सप्टेंबर २०२५ पासून तर आणखी ठळक झाली, रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४०. ब्रेझा पेट्रोलसारखी गाडी लांबीत बसते पण इंजिन १४६२ सीसीचं म्हणून ४० मध्ये जाते, तो वेगळा विषय.

आता ४ मीटरमध्ये एसयूव्ही दिसणारी गाडी बसवायची तर कात्री कुठे लागणार? बॉनेट उंच आणि रुबाबदार पाहिजे, इंजिनला जागा पाहिजे, अपघातात चेपायला पुढे काही अंतर पाहिजे, ड्रायव्हरचे पाय तर आखडता येत नाहीत. म्हणजे राहते मागची सीट आणि डिकी. मागच्या माणसाच्या मांडीखालची गादी दोन बोटं आखूड होते, पाठ जरा जास्त सरळ होते. त्यात डिझाइन स्पोर्टी दिसावं म्हणून खिडकीची खालची कड मागे जाताना वर वर चढत जाते आणि मागे बसलेल्या लहान मुलाला बाहेरचं आकाश तेवढं दिसतं. आमच्या लेकीला गाडी लागते, तिच्यासाठी ती काचेची उंची हा फार मोठा मुद्दा होता, बाहेर क्षितिज दिसलं की तिला कमी मळमळतं. एका गाडीत ती बसली आणि दोन मिनिटांत म्हणाली आई यात नको. ती गाडी बाकी सगळ्या बाबतीत मला आवडली होती, तरी आम्ही तिथेच सोडली.

व्हेरियंटच्या नावांचं मला आधी दडपणच यायचं. मारुतीचं एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय हे निदान वर्षानुवर्षं कानावर आहे. महिंद्राच्या ३एक्सओला एमएक्स १ पासून एएक्स ७ एल पर्यंत, कियाचं एचटीई, एचटीके, एचटीएक्स, टाटांनी २०२३ ला नेक्सॉनची एक्सई-एक्सएम बदलून स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस अशी नावं ठेवली, स्कोडाच्या कायलॅकला क्लासिक, सिग्नेचर, प्रेस्टीज. नाव काहीही असो, आतली मांडणी मात्र सगळीकडे सारखीच. बेस, त्याच्यावर एक जरा बरं, मग मधलं जे जास्तीत जास्त खपतं, मग सनरूफवालं, मग टॉप. आणि तुम्हाला हवी असलेली एक गोष्ट नेहमी तुमच्या बजेटच्या एक पायरी वर ठेवलेली असते, तीन नको असलेल्या गोष्टींच्या सोबत बांधून. रिअर वायपर हवा असेल तर अलॉय घ्या, ऑटोमॅटिक हवी असेल तर सनरूफ घ्या.

एक गोष्ट मात्र खरंच चांगली झालीये आणि ती मोकळेपणाने सांगायला पाहिजे. सात-आठ वर्षांपूर्वी जीव वाचवणाऱ्या गोष्टीसुद्धा व्हेरियंटनुसार मिळायच्या. ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले ते जुलै २०१९ पासून, म्हणजे तसं अलीकडेच. सहा एअरबॅगची सक्ती येणार येणार म्हणता शेवटी आलीच नाही, पण २०१८ ला नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच स्टार मिळाले, २०२३ च्या ऑक्टोबरपासून तशीच आपली भारत एनकॅप चाचणी सुरू झाली, लोक शोरूममध्ये स्टार विचारायला लागले आणि आता या सेगमेंटमध्ये बहुतेक कंपन्या बेसपासूनच सहा एअरबॅग देतात. त्यातली कर्टन एअरबॅग खिडक्यांवरून पडद्यासारखी खाली येते आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्याशीही उघडते, म्हणजे हा बदल पहिल्यांदाच आई आणि लेकीपर्यंत पोचलाय. तरी तक्त्यात खात्री करून घ्यायची, ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आहे ना, मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून येणारा बेल्ट आहे ना, आणि मागच्या बेल्टचा रिमाइंडर आहे का.

हा रिमाइंडर मला सनरूफपेक्षा खूप मोठा वाटतो. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तो मुंबई-अहमदाबाद हायवेवर, पालघर जिल्ह्यात. आम्ही घोडबंदरवाले फाउंटन हॉटेलच्या नाक्याला जाऊन ज्या हायवेला लागतो तोच. पुढचे दोघं वाचले, मागे बसलेले दोघं गेले, आणि मागे बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. इतक्या चांगल्या गाडीत. मागच्या सीटच्या बेल्टचा नियम आधीपासूनच होता, १४ वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंडही कायद्यात आहे, पण रिक्षातून उतरून गाडीत बसलेला माणूस सवयीने बेल्टकडे बघतच नाही. आई म्हणते अगं मागे कशाला, इथल्या इथे तर जायचंय. गाडीच किंचाळायला लागली तर ती लावेल, मुलीचं ऐकायचं नाही पण गाडीचं ऐकायचं हे मी तिच्याबाबतीत पाहिलंय.

शोरूममध्ये पहिल्यांदा तिला घेऊन गेलो तेव्हाचा प्रसंग सांगते. डेमो गाडी भिंतीला लागून उभी होती, सेल्सचा मुलगा पुढचं दार उघडून माझ्या नवऱ्याला स्क्रीन दाखवत होता, "सर, टॉपला व्हेंटिलेटेड सीट्स पण येतात." आई मागच्या दाराशी उभी. दार भिंतीमुळे अर्धंच उघडलं. तिने त्याला विचारलं, "अरे बाळा, हे दार एवढंच उघडतं का?" तो मुलगा चांगला होता, लगेच गाडी बाहेर मोकळ्यात काढली. मग आई तिच्या पद्धतीने बसली. गुडघे दुखणारी माणसं कशी बसतात ते नीट बघा एकदा. ती आधी पाय आत टाकत नाहीत. पाठ सीटकडे करतात, एक हात दाराच्या कडेला, हळूच टेकतात, आणि मग दोन्ही पाय एकेक करून उंबऱ्यावरून आत घेतात. म्हणजे तीन मापं महत्त्वाची, सीट जमिनीपासून किती उंच, दाराखालचा तो उंबरा किती रुंद आणि किती उंच, आणि दार किती अंशात उघडतं. यातलं एकही कुठल्या ब्रोशरमध्ये छापलेलं नाही. सीट तिच्या कमरेच्या जरा खाली आली तर ती आपोआप टेकते, हॅचबॅकमध्ये तिला खाली खाली जावं लागतं आणि मोठ्या एसयूव्हीत चढावं लागतं. कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा खरा फायदा हा आहे, तोच कुणी सांगत नाही. ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिलिमीटर म्हणून सगळे सांगतात, आईच्या कमरेचं गणित कुणीच नाही. आणि छताला धरायचा दांडा मागेही हवा, काही बेस व्हेरियंटमध्ये तोही काढलेला असतो, असे किती रुपये वाचत असतील त्यात!

टेस्ट ड्राइव्हला मी मुद्दाम मागे बसले, गाडी नवऱ्याने चालवली. हे प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. चालवताना आपल्याला इंजिन कळतं, स्टिअरिंग कळतं, मागे बसल्यावर गाडी कळते. मानपाड्याच्या सर्व्हिस रोडचे खड्डे, मग सोसायटीच्या गेटचा तो उंच स्पीडब्रेकर. मागची सीट जवळजवळ चाकांच्या वर असते त्यामुळे पुढे जो नुसता धक्का लागतो तो मागे उडवतो. एका गाडीचं टॉप आणि मधलं व्हेरियंट आम्ही लागोपाठ चालवून पाहिलं, टॉपला १७ इंची अलॉय होते, मधल्याला १६ इंची. २१५/६० आर १६ टायरची रबराची भिंत भरते १२९ मिलिमीटर, तेच २१५/५५ आर १७ झालं की ११८. अकरा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही पण तेवढं रबर कमी झालं की खड्ड्याचा दणका थेट पाठीत येतो, शिवाय गायमुख घाटात पावसाळ्यात एखादा खड्डा धारेवर लागला की साइडवॉलला फुगा येतो तो वेगळा, आणि नुसता टायर गेला तर साध्या इन्शुरन्समध्ये मिळत नाही. आमच्या रस्त्यांना टॉपची चाकं नकोच, हे मी ठामपणे सांगेन.

गिअरबॉक्सचंही तेच. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सला गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा, स्वस्त पडते, मायलेज चांगलं, पण कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा-पहिला करत राहते तेव्हा प्रत्येक बदलाला मागच्या माणसाची मान पुढे-मागे होते. ड्रायव्हरला ते जाणवतं पण कमी, कारण त्याच्या हातात स्टिअरिंग आहे आणि पुढे काय होणार ते त्याला माहीत असतं. टॉर्क कन्व्हर्टर हा ऑटोमॅटिकचा दुसरा, महागडा प्रकार यात फार गुळगुळीत. ॲडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणा, त्यातला पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून वेग सांभाळणारा ॲडाप्टिव्ह क्रूझ मला पाम बीच रोडला आवडला, ताईकडे खारघरला जाताना तो कामाला येईल, पण घोडबंदरला गाडी समोर जरा अंतर ठेवते न ठेवते तोच त्यात बाइकवाला घुसतो आणि गाडी ब्रेक मारते. मागे झोपलेली लेक दचकून उठणार. ज्यांचं रोजचं जाणं-येणं एक्सप्रेसवेला आहे त्यांनी जरूर घ्यावं, आमच्यासाठी त्याचे पैसे वरचे.

आता एसी. रिअर व्हेंट म्हणजे मागे वेगळा एसी नसतो, पुढचाच ब्लोअर असतो, त्याची हवा मधल्या कन्सोलखालून नळीने मागे आणतात. पण मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात उभी राहिलीये, आतलं सगळं काळं, अशा वेळी व्हेंट नसेल तर मागच्यांना गार व्हायला पुढच्यांना गारठावं लागतं. आई कधी बोलत नाही, पदराने वारा घेत बसते. मला आरशात दिसतं.

आणि रिअर वायपर. ही गोष्ट लोक बिनगरजेची मानतात आणि कंपन्या त्याचाच फायदा घेतात. सेडानला मागे वायपर नसतो कारण हवा काचेवरून डिकीवरून सरळ घसरत जाते, पाणी मागे ओढलं जातं. एसयूव्हीची पाठ एकदम उभी कापलेली, तिथे हवा भोवरे घालते आणि चाकांनी उडवलेला चिखल वर ओढून काचेवर बसवते. ठाण्यातला जुलै ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून एकदा गाडी काढली की मागची काच पूर्ण बंद. डीफॉगरचंही तसंच, आत चार माणसं, बाहेर पाऊस, काचा धुकट, काचेतल्या त्या बारीक तारा तापल्या की मिनिटा-दोन मिनिटांत स्वच्छ. हे मागच्या माणसासाठी नाही म्हणाल तर आहे, कारण मागून येणारा डंपर मला दिसला तर वाचणार तेच आहेत.

मग मी एक सोपा नियम धरला. जे नंतर बसवता येतं त्याच्यासाठी व्हेरियंट वर चढायचं नाही. स्क्रीन नंतर बसतो, कॅमेरा बसतो, सीट कव्हर, अलॉय, फॉग लॅम्प सगळं बसतं, फक्त वायर कापून बसवू द्यायचं नाही, कंपनीच्या प्लगमध्ये बसणारं कपलरवालंच घ्यायचं, नाहीतर वॉरंटीला कटकट. पण मागचे एसी व्हेंट, वायपरची मोटर, वर-खाली होणारे हेडरेस्ट, तिसरा बेल्ट, गिअरबॉक्स, हे कंपनीतूनच आलं पाहिजे. या चाळणीतून पाहिलं तर बहुतेक गाड्यांत मधलं किंवा त्याच्या एक वरचं व्हेरियंट हातात राहतं. सनरूफ नंतर बसत नाही हे खरंय आणि लेकीला तो हवा होता हेही खरंय, पण तिने एकदा आत बसून पाहिलं आणि वरच्या काचेपेक्षा बाजूची मोठी खिडकी बरी असं तिचं तिनेच ठरवलं.

पैशांचा एक बारकावा मात्र सांगितलाच पाहिजे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला आरटीओ टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के, आणि तो फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर. म्हणजे एक्स-शोरूम ९,९५,००० असेल तर टॅक्स १,०९,४५०, आणि व्हेरियंट बदलून १०,०५,००० झालं तर १,२०,६००. दहा हजाराच्या फरकाला ऑन-रोड, म्हणजे टॅक्ससकट, एकवीस हजार. त्यात १० लाखांच्या वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, तो रिटर्न भरताना परत मिळतो पण आत्ता खिशातून जातोच. म्हणून ९ लाख ९० हजारच्या आसपास इतकी व्हेरियंट दाटीवाटीने का उभी असतात ते कळलं. एमएच ०४ ची पाटी लागेपर्यंत गाडीची किंमत तीन वेळा बदलते, त्यामुळे तुलना करायची तर दोन व्हेरियंटच्या ऑन-रोडचीच करायची, शोरूममध्ये लेखी मागून.

पार्किंगचंही आधी बघून घ्या. आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे गाड्या एकावर एक खणांत उभ्या राहतात, आणि खालच्या-वरच्या खणाची उंची वेगवेगळी. नेक्सॉन १,६२० मिलिमीटर उंच, ब्रेझा १,६८५, एवढ्याशा फरकाने एखाद्याचा खण जाऊ शकतो. आमच्या वॉचमन काकांनी टेप आणून मोजून दिलं, वर रूफ कॅरिअर लावणार का तेही विचारलं. गाडी पॅलेटवर गेल्यावर दार पूर्ण उघडतच नाही, त्यामुळे आई लॉबीसमोरच उतरणार, आणि तिचा वॉकर डिकीतून काढून द्यायचा. डिकीचा उंबरठा उंच असेल तर तो वॉकर मला रोज उचलून वर घ्यावा लागेल. म्हणून डिकी किती लिटर यापेक्षा तिची कड माझ्या कमरेला कुठे येते ते मी पाहिलं, आणि सीएनजी आम्ही सोडली, दोन सिलिंडर खाली बसवून नेक्सॉनने ३२१ लिटर जागा राखलीये तरी आमच्या बजेटच्या गणितात ती आली नाही.

बुकिंग झालं. मधल्याच्या एक वरचं, १६ इंची चाकं, टॉर्क कन्व्हर्टर, मागे व्हेंट, वायपर, डीफॉगर, तिन्ही बेल्ट. रंग लेकीने ठरवला. एक गोष्ट मात्र मिळाली नाही, मागच्या मधल्या जागेला हेडरेस्ट. टॉपलाही नव्हता. ताई आणि भाची आल्या की मागे तिघी बसणार, मध्ये नेहमी लेक बसणार, मागून कुणी ठोकलं तर तिच्या मानेमागे काहीच नाही. मॅनेजरना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, आजपर्यंत कुणी मागितलाच नाही." मग मी त्यांच्याकडून कंपनीचा ईमेल घेतला, घरी येऊन मागच्या सीटचे फोटो जोडले आणि मराठीतच सविस्तर लिहून पाठवलं. ताईनेही पाठवलंय, तिचीही गाडी याच मापाची आहे. तुमच्या गाडीत मधे बसणारं कुणी असेल तर तुम्हीही लिहा.